तुलनेचं गाव

सातव्यांदा आलोय एलुबेच्या अंगणात.
हातात तीच पाटी, काचेची,
पिशवीत तोच साबण, आभाराचा,
एका घराला एक वडी.

मुलांजेच्या डोंगरावरून धुकं उतरतंय
चहाच्या मळ्यावर, मळ्याच्या तारेवर,
आणि तारेअलीकडच्या ह्या सदतीस घरांवर
जी माझ्या यादीत नावानं नाहीत, आकड्यानं आहेत.
एलुबे म्हणजे एकोणीस.

छप्पर कशाचं? गवताचं.
दिसतंय मला. तरी विचारायचं असतं.
बकऱ्या? होती एक.
काल किती वेळा जेवलात?

ती चुलीतलं लाकूड मागं ओढते.
‘दोनदा. पोटभर.
काल बिझवेकच्या घरी मयत होती.’

मी ‘दोन’वर बोट ठेवतो.
मयतीला चौकट नाही.
मागच्या साली ‘एक’ होतं, म्हणजे सुधारणा.
लिलाँग्वेच्या हॉटेलात, गार हवेत,
एक ठिपका आता वर सरकेल
आणि कुणीतरी पडद्याकडे बोट करून म्हणेल, बघा.
बिझवेकचा धाकटा फवारणीवर होता मळ्यात.
चोवीस वर्षांचा.

ओढ्यापलीकडच्या गावात फोनवर पैसे येतात,
दर महिन्याला, टुणकन.
तिथं तीन छपरांवर पत्रा चढलाय,
दुपारी इकडून बघवत नाही.
‘आमच्यात काय कमी पडलं?’ पहिल्या साली तिनं विचारलं होतं.
काहीच नाही, म्हटलं, चिठ्ठी काढली मशीननं.
‘मग आम्ही कोण?’
चिचेवात शब्द शोधला, सापडेना.
म्हटलं, तुम्ही तुलना. तुलनेचं गाव.
काहीच दिलं नाही तर माणसाचं काय होतं
हेही कळायला हवं ना.
ती चितेंज्याचं टोक तोंडाला लावून हसली होती.
‘ते माझ्या आजीला ठाऊक होतं.
तिला विचारायचंत.’

आजीचं शेत मळ्यात आहे.
आठव्या ओळीपासून पुढं, निलगिरीच्या रांगेपर्यंत.
कागद झाला तेव्हा तिचा अंगठासुद्धा कुणी मागितला नाही.
माझ्या दोनशे बारा प्रश्नांत हा नाही.
माझे प्रश्न उतारानं चालतात, पाण्यासारखे,
खाली, अजून खाली,
जिथं बकरी ‘होती एक’ तिथं साचतात.

आज तिनं तारेकडे हनुवटी केली.
‘त्या बंगल्यात गेलास कधी?
छप्पर कशाचं, काल किती वेळा जेवलात,
उरलेलं कुठं गेलं, विचारलंस?’
नाही. फाटकावर कुत्री आहेत.
आणि फाटक यादीत नाही.

‘बरं, तुला एका एलुबेमागं किती मिळतात?’

मी आकडा सांगितला. थोडा कमी करून.
लिंबेत खोलीचं भाडं आहे मला, बहिणीची फी आहे.
मास्तरकी सोडली ती ह्या काचेच्या पाटीसाठी;
पोरांना बेरीज शिकवण्यापेक्षा
भुकेची बेरीज करायला बरा पगार आहे.
हे तिला सांगितलं नाही.
तिनं विचारलंही नाही, नुसतं पाहिलं
माझ्या बुटांकडे.

शेवटचा प्रश्न, दोनशे बारावा.
एक ते पाच:
आयुष्याबद्दल तुम्ही किती समाधानी आहात?

ती आत गेली. काहीतरी सरकवल्याचा आवाज.
आली तेव्हा ओच्यात सहा वड्या,
कागदासकट, कडा उंदरानं कुरतडलेल्या.
सातवीशेजारी ओळीनं मांडल्या ओट्यावर.
‘मोज,’ म्हणाली.

मळ्यात भोंगा झाला.
टोपली पाठीला अडकवून ती निघाली,
तारेच्या फटीतून वाकून,
आजीच्या आठव्या ओळीकडे,
रोजावर.

काच हातात उजळून होती, उत्तराची वाट बघत.
एक कोंबडी आली, साबणाला चोच मारून गेली.

मी ‘तीन’ दाबलं.
काहीतरी दाबल्याशिवाय
घर क्रमांक वीस उघडत नाही.